पायापासून वर

गुरुवार, ९ जानेवारी १९५८

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरीच राहिली होती. ती फुकट जाऊ नयेत म्हणून आजपासून इथे बालवाडीचं लिहायचं ठरवलं. पुढून तेल-मीठ, मागून पोरं. दोन्ही कुठेतरी मध्ये भेटतील तेव्हा वही संपेल.

बालवाडी-शिक्षिकांच्या शिबिराहून परत येऊन आठ दिवस झाले. कुरखेड्यापासून बैलबंडीने दोन तास आत असलेल्या या गावात बालवाडी म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नव्हतं. विकास ब्लॉकच्या लोकांना गावात मॅट्रिक झालेली बाई हवी होती आणि अख्ख्या गावात ती मी एकटीच. हे जंगल नाक्यावर कारकून आहेत, म्हणून आम्ही इथे. भैयाजी पाटलांनी धानाच्या कोठीपुढची सपरी, म्हणजे छपराखालची ओसरी, दिली. तीन ते पाच वर्षांची तेवीस पोरं येतात. सोनीबाई त्यांना घरोघरून गोळा करून आणते आणि सरकारी दुधाची भुकटी कालवून पाजते. अट एकच. वीस पोरं रोज हजर हवीत. कमी झाली की दूध आणि बालवाडी दोन्ही दुसऱ्या गावाला. दहा फेब्रुवारीला मुख्यसेविका पाहायला येणार आहेत.

शिबिरात या महिन्याचा विषय दिला आहे 'अस्थी-परिचय'. सोबत सापळ्याचं मोठं चित्र. ते मी गुंडाळून पेटीवर ठेवलं. पोरांची हाडं पोरांजवळच आहेत, त्यांना मेलेला माणूस कशाला दाखवायचा? तिथल्या ताई म्हणाल्या होत्या, 'हाडं' म्हणू नका, ग्राम्य वाटतं, 'अस्थी' म्हणा. मी मान हलवली, पण ऐकणार नाही. अस्थी नदीत जातात. हाडं खेळायला जातात. एवढा फरक मला कळतो.

सुरुवात कुठून करायची हे मात्र सुचत नव्हतं. आज सकाळी देवपूजेत सुचलं. अंगपूजा करताना आपण देवाच्या पायांपासून सुरू करतो. आधी पाय, मग गुडघे, मांड्या, कंबर, छाती, गळा, सगळ्यात शेवटी मस्तक. देवाला जो क्रम चालतो तो पोरांना न चालायला काय झालं?

सोमवार, १३ जानेवारी

आज पहिला पाठ. 'गुडघा' म्हटलं तर एकालाही कळेना. सोनीबाई दुधाच्या भांड्यापासून ओरडली, "टोंगरा म्हना जी, टोंगरा!" मग सगळ्यांनी आपापला टोंगरा पकडला.

लटारूची गुणा चार वर्षांची आहे, पण प्रश्न वकिलाचे. "बाई, माह्या पोटात हाड हाये का?"

"नाही गं. पोटात हाड नसतं."

"मंग तेथी काय हाये?"

"तूच सांग."

"भात," म्हणाली. सगळे हसले. ती हसली नाही. पोट दाबून पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

मी रचलेलं गाणं असं आहे. पोरं आधी खाली बसतात, पायाची बोटं धरतात, आणि म्हणत म्हणत वर येतात.

बोटं बारीक, टाच टणक,
घोटा गोल, नळी लांब,
टोंगऱ्यावरची वाटी हाले,
मांडीचं हाड जसा खांब.
कंबर आली, मणके आले,
फासळ्या मोजा दोहीकडे,
कवटीचं हे मडकं भरलं,
उठा आता, व्हा खडे!

'खडे' म्हणताना तेवीसच्या तेवीस उड्या मारतात. सपरीची धूळ पार कोठीच्या दारापर्यंत गेली. कवटीला मडकं म्हणायचं मला चुलीपाशी सुचलं. शिबिरातल्या ताईंना असं सुचलं नसतं.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

देव्हाऱ्यात सवतीचा टाक आहे. संक्रांतीचं पहिलं हळदकुंकू मी तिलाच लावते. गोदावरी तिचं नाव, यांची पहिली बायको. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच इथेच तापाने गेली. यांनी तिच्याविषयी कधी शब्द काढला नाही, मीही विचारला नाही. गेलेल्या माणसाचं काय विचारायचं?

पोळ्या लाटताना मी गाणं गुणगुणत होते. हे जेवत होते. एकदम म्हणाले, "हे कुठलं?"

"माझंच आहे. पोरांसाठी."

"पायापासून सुरू करायला कोणी सांगितलं?"

"देवाने," मी म्हटलं. थट्टेत म्हटलं.

हे ताटावरून उठले. तिळाची पोळी अर्धी तशीच. सणाच्या दिवशी एवढा राग कशाचा? स्वतःच्या बायकोला चार ओळी रचता आल्या म्हणून कोणी अन्न टाकतं का? उरलेली पोळी संध्याकाळी मी खाल्ली.

मंगळवार, २१ जानेवारी

गुणाचा आजा मुखरू सहा महिन्यांपासून खाटेवर पडून आहे. कूस बदलायलाही माणूस लागतं. काल घरची मोठी माणसं बाहेर अंगणात धान पाखडत होती. गुणा खाटेच्या पायथ्याशी गेली, आज्याची गोधडी वर केली आणि त्याच्या पायाच्या बोटांपासून सुरू झाली. एकेक हाड धरून, नाव घेऊन. म्हातारा 'नोको, नोको' म्हणत राहिला. ही पोहोचली पार मडक्यापर्यंत. तेव्हा तो असा बोंबलला की चार घरं धावत आली.

सोनीबाईने हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. ती हसली नाही. मी म्हटलं, "पोरगी शिकलेलं घरी जाऊन म्हणते, यापेक्षा मास्तरणीला काय हवं?"

"हाव जी," एवढंच म्हणाली आणि भांडी घासत राहिली. आधीच घासलेली होती.

गुरुवार, २३ जानेवारी

आज पहाटे मुखरू गेला.

वय झालं होतं. सहा महिने खाटेवर होता. हे मी दोनदा लिहून पाहिलं, तरी मनाला पुरेना. पूजेत अंगपूजेशी आले आणि हात थांबला. मग रागाने पुढे केली. देवा, पोरीने आज्याच्या पायाला हात लावला, त्यात तुझं काय गेलं?

शनिवार, २५ जानेवारी

तिसरा दिवस. पुरुषमंडळी सकाळीच मसणात राख सावडायला गेली होती. तिथे बायका जात नाहीत, तेव्हा तिथे काय करतात ते मला ठाऊक नाही, कधी विचारलंही नाही. गुणाला सोनीबाईने बालवाडीतच आणलं होतं, घरी मोठ्यांच्या पायात नको म्हणून.

पोरं गाण्याच्या मध्यावर होती तेव्हा माणसं नदीवरून परत आली. ओली धोतरं, अनवाणी. सगळे सपरीसमोर थांबले. 'कवटीचं हे मडकं भरलं' झालं, पोरांनी उडी मारली, आणि लटारूने पुढे येऊन गुणाला उचललं. हिसका मारून नव्हे. जपून, काही सांडेल असं उचललं. माझ्याकडे पाहिलं नाही. भैयाजी पाटलांनी पाहिलं, पण ते पाहणं मला कळलं नाही.

सोमवार, २७ जानेवारी

नऊ पोरं.

भैयाजी पाटील स्वतः आले. खाट दिली तर बसले नाहीत.

"बाई, ते गानं बंद करा."

"कोणतं?"

"तुमाले मालूम आहे कोनतं."

"का बंद करू?"

"काऊन म्हनून विचारू नोका. बाईमानसाले सांगाची गोष्ट नोहे ते."

"पाटील, मी बाई आहे म्हणूनच बालवाडी मला दिली. आता बाई आहे म्हणून कारण सांगत नाही?"

त्यांनी फेटा सारखा केला. म्हणाले, "तुमी शिकेल आहा. आमी तुमाले मान देतो. पन लोक म्हनून राह्यले का मुखरूले गान्यानं नेलं."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काईच नाई म्हनत. सपरी माही आहे, एवढंच म्हनतो."

गेल्यावर नऊ पोरांना घेऊन गाणं दोनदा म्हटलं. मोठ्याने.

मंगळवार, २८ जानेवारी

पाच पोरं. विहिरीवर पाटलीणबाई शकुबाई होत्या. मला ऐकू जाईल इतक्याच मोठ्याने म्हणाल्या, "स्वताच्या कुशीत नाई, म्हनून दुसऱ्याच्या पोट्ट्यायचे हाडं मोजते."

मी घागर भरून घेतली. मग म्हटलं, "शकुबाई, तुमच्या नातवाच्या फासळ्या मोजायला हात लावावा लागत नाही. लांबूनही मोजता येतात. दुधाला पाठवत जा."

घरी येऊन घागर उतरवली. लागेल असं बोलले. बोलायला नको होतं. पण परत विचारलं तर तेच बोलेन.

शुक्रवार, ३१ जानेवारी

आज समजलं.

चारच पोरं होती, म्हणून दूध उरलं. मी आणि सोनीबाई बसलो होतो. मी म्हटलं, "सोनीबाई, तुला ठाऊक आहे. मला सांगत का नाहीस?"

तिने भांड्याच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मले वाटलं तुमाले मालूम आहे. शिकेल बाई आहे, मालूम असूनच करत असन, असं वाटलं."

"काय मालूम?"

"पटकीच्या साली माहा नवरा गेला जी. गावात मानूस नव्हतं उचलाले. मीच जाळला, तिसऱ्या दिवशी मीच राख सावडली. बाईच्या जातीनं जाऊ नये, पन कोन जाईन? एका म्हाताऱ्यानं दुरूनच सांगतलं कसं वेचाचं ते." तिने आपल्या पायाच्या बोटांना हात लावला. "इथून सुरू कराचं. बोटं, मंग टाच, मंग नळी, मंग टोंगरा. असं वर वर. शेवटी डोस्क्याचं हाड. मंग मडकं भरते."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"लटारूनं त्या दिवशी बापाले तसंच वेचलं, आन् मसनातून आला त इथी पोट्टे तेच म्हनून राह्यले. त्याची पोट्टी बी. जसंच्या तसं."

"मडकं सुद्धा," मी म्हटलं.

"मडकं बी, जी."

'अस्थी' शब्द नको म्हणून मी किती जपलं होतं! शब्द टाळला आणि क्रम जसाच्या तसा उचलला. बायकांना तिथे जाऊ देत नाहीत, आणि मग बायकांना माहीत नाही म्हणून बायकांवरच रागावतात.

"पण पायापासूनच का गं?" मी विचारलं.

"डोस्क्यापासून वेचलं त मानूस मडक्यात उलटा राह्यते. पाय वर, डोस्कं खाली. पायापासून वेचलं का उभा राह्यते." मग म्हणाली, "त्याले उभं राहूनच जाता यावं, म्हनून."

शनिवार, १ फेब्रुवारी

यांना सांगितलं. मला वाटलं होतं चकित होतील.

"माहीत होतं," म्हणाले.

"माहीत होतं? मग संक्रांतीलाच का नाही सांगितलं? एवढी शोभा झाली नसती."

"नाही सांगता आलं."

"सांगता न येण्यासारखं त्यात काय आहे? बोटं, टाच, नळी. मी चार वर्षांच्या पोरांना सांगते."

यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी आतून म्हटलं, "तुम्हीसुद्धा पाटलांच्याच बाजूचे." परत आले तेव्हा म्हणाले, "डोक्यापासून म्हण ना. काय बिघडतं?"

काय बिघडतं याचं उत्तर मला देता आलं नाही, याचा राग आला.

सोमवार, ३ फेब्रुवारी

खरं लिहायचं तर आज मी हार मानून पाहिली. चार पोरं होती. म्हटलं, चला, आज उलटं. आधी कवटी, मग मान, मग फासळ्या. पोरं उभी होती, म्हणत म्हणत खाली वाकत गेली. पायाच्या बोटांशी पोहोचली तेव्हा चौघंही डोकं खाली घालून, गठडी होऊन जमिनीवर बसली होती. गाणं संपलं. कोणी उडी मारली नाही. मारणार कुठून? वारलूची धाकटी तशीच आडवी झाली आणि म्हणाली, "बाई, आता झोपाचं का?"

मिळालं उत्तर. वरून खाली आलं की पोरं जमिनीवर येतात. खालून वर गेलं की उभी राहतात. यात शास्त्र नाही, धर्म नाही, डोळ्यांनी दिसतं.

मी म्हटलं, "उठा. झोपायचं नाही. बोटं धरा."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मंगळवारी मुखरूची तेरवी झाली. आज भैयाजी पाटलांनी सपरीतच लोक बोलावले. पुरुष वर, बायका खाली अंगणात, मी मध्ये. हे मागे खांबाला टेकून उभे होते. मी येऊ नका म्हटलं होतं.

पाटील चांगलं बोलले. मी खोटं लिहिणार नाही. म्हणाले, "बाईयनं जानूनबुजून नाई केलं. हे मी सगळ्यायले सांगतो. आता बाईयनं फक्त उलटं म्हनावं, डोस्क्यापासून. सपरी त्यायचीच आहे, पोट्टे बी येतीन. सोमवारी ब्लॉकवाली बाई येनार आहे, तिले भरेल सपरी दिसन. गावाचीच इज्जत आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर वीस पोरं उद्या सकाळी आली असती. सोमवारी बालवाडी वाचली असती.

मी म्हटलं, "उलटं म्हटलं म्हणजे सुलटं म्हटल्याने मुखरू गेला, असं मी कबूल केलं. मी ते करणार नाही."

"कबूल काई नाई कराचं बाई. फक्त..."

"पाटील, तुमच्या घरी सत्यनारायण झाला. अंगपूजा कुठून केली?"

भट बाहेरगावचा होता, पण पूजेला पाटील स्वतः बसले होते.

"पायापासून केली. मी तिथेच होते. तेव्हा तुम्ही देवाची राख सावडत होता का?"

पुरुषांत कुजबुज झाली. पाटील म्हणाले, "देव मरत नाई, बाई."

"माझी पोरंसुद्धा मरायला बसलेली नाहीत. उभी राहायला बसतात."

लटारू तेव्हा पहिल्यांदा बोलला. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "बाई, माह्या हाताले अजून बापाची राख लागून आहे. मी पोट्टीचा आवाज आयकतो त मले ते दिसते. मी काय करू?"

मी त्याच्या हातांकडे पाहिलं.

मग अंगणातून मनकर्णा उठली. मुखरूची म्हातारी, लटारूची आई. कपाळ नुकतंच मोकळं झालेलं. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोललेली कोणी ऐकलं नव्हतं.

"लटाऱ्या, तू त्या दिवशी घरी होता का?"

"कोनत्या, माय?"

"गुणीनं बुढ्याले हात लावला त्या दिवशी. तू अंगनात होता. मी दारात होती, सूप घेऊन. मी पाह्यलं. सा महिने बुढा उठून बसला नव्हता. दोघं जनं धरून बसवाचो त बी मान टाकून देये. पोट्टी डोस्क्यापर्यंत पोचली, आन् बुढा उठून बसला. एकटा. कोनाचा हात नाई. अशा शिव्या देल्या मले, तुले, पोट्टीले, पाटलाले!"

कोणीतरी खुसकन हसलं.

"मलेही भ्याव वाटलं तवा," ती म्हणाली. "मंग बुढा मले म्हने, मनकर्ने, भात आन. बसूनच जेवला. तीन दिवसानं गेला. जानाराच होता. पन शेवटचा भात त्यानं बसून खाल्ला, आन् तो त्याले ह्या पोट्टीनं खाऊ घातला. आता तुमी पुरुष लोक ठरवा काय ठरवाचं ते. माही नात उद्यापासून येईन."

आणि खाली बसली. पदर सारखा केला.

पाटील म्हणाले, "काकी, तुमचं खरं असन. पन सपरी माही आहे. माह्या कोठीसमोर हे गानं नाई."

"नको सपरी," मी म्हटलं.

सभा उठली. मी मागे पाहिलं तर खांबाशी हे नव्हते. केव्हा गेले कोण जाणे. शेवटपर्यंत थांबायचंही झालं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

मारुतीच्या देवळापुढच्या मोहाच्या झाडाखाली बसलो. मोजली. सतरा. गुणा आली, वारलूच्या दोघी आल्या, आणि शकुबाईंचा नातूही आला! त्याला सोडायला शकुबाई स्वतः आल्या नाहीत, गड्याला पाठवलं. तरी आला.

मुख्यसेविका भली बाई वाटली. पोरांना विचारलं, "तुमच्या अंगातलं पहिलं हाड कुठलं?" सतराच्या सतरा खाली वाकली. त्या हसल्या, गाणं पूर्ण ऐकलं, एका पोराची नखं पाहिली, दुसऱ्याचे डोळे. मग वहीत लिहिताना म्हणाल्या, "शिकवणं छान आहे हो. पण तीन कमी. शिवाय जागा नाही. दूध मला दुसरीकडे द्यावं लागेल. नियम माझ्या हातात नाही."

"मग बालवाडी?"

"ती कागदावर बंद होईल."

"कागदावर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कागदावर," त्याही म्हणाल्या. विषयाच्या रकान्यात काय लिहू, म्हणून विचारलं. मी पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'हाडं'.

पोरं घरी गेल्यावर सोनीबाईने भुकटीचे उरलेले डबे बंडीत चढवले. माझ्या डोळ्याला पाणी आलं ते तिने पाहिलं नाही असं दाखवलं. उलटं म्हटलं असतं तर आज दूध वाचलं असतं. दूध पोरांचं होतं, हट्ट माझा होता. हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला विसरता येणार नाही. तरीही उलटं म्हणायचं नव्हतं. दोन्ही खरं आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळी मनकर्णा आणि सोनीबाई दारात. मनकर्णाच्या हातात फोडलेल्या तांदळाची कणी. "दूध नाई त पेज पाजू. मूठ मूठ सगळ्याच देतीन." सोनीबाई म्हणाली, "मले ब्लॉक आता काई देनार नाई, मालूम आहे मले. मी येतोच."

प्रश्न जागेचा. झाडाखाली ऊन उतरतं, आणि मोहाची फुलं पडायला लागली की तिथे पाय ठेवायला जागा राहणार नाही, सगळा गाव वेचायला येईल.

हे घरातून बाहेर आले. त्यांनी ऐकलं असावं. म्हणाले, "आपल्या पडवीत बसव."

मी म्हटलं, "पडवीत? तुमच्या खोलीची खिडकी तिथेच आहे. सकाळभर गाणं कानावर येईल. संक्रांतीला ताटावरून उठला होतात."

"हो."

"मग?"

"ऐकेन," म्हणाले.

मग स्वतः आत जाऊन पडवीतली लाकडं उचलायला लागले. इतकी वर्षं तिथे रचलेली होती, मी कितीदा काढा म्हटलं तर ऐकलं नव्हतं. एकेक ओंडका खांद्यावर घेऊन मागे नेला. मनकर्णा बघत होती. मला म्हणाली, "गोदाबाईचं तुमाले बाबूजीनं कधी सांगतलं का, बाई?"

"नाही. का?"

"काई नाई. तवा त्यायचं वय चोवीस-पंचीस असन. तिसऱ्या दिवशी मसनातून परत आले, मंग आठ दिवस कोनासंग बोलले नाई." एवढं म्हणून कणी निवडायला बसली.

लाकडं काढल्यावर पडवी चांगली मोठी निघाली. मी शेणाने सारवून घेतली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

एकोणीस पोरं. परवापेक्षा दोन जास्त, आणि दूध नसताना! मुख्यसेविकेला हे कळवावं की काय असं वाटलं. मग वाटलं, कशाला? मोजणारं आता कोणी नाही.

लटारू गुणाला सोडायला आला. पडवीच्या पायरीवर आला, आत आला नाही. मी म्हटलं, "लटारूभाऊ, गाणं सुरू होईल. तुम्हाला त्रास होत असेल तर जा." तो "जातो जी" म्हणाला आणि कुंपणापर्यंत गेला. तिथे पाठ करून उभा राहिला. तिथून किती ऐकू आलं ठाऊक नाही.

पोरांनी बोटं धरली. सारवलेली जमीन ओलसर होती म्हणून आधी कुरकुर केली. मग सुरू झालं. यांची नाक्याची वेळ झालेली होती. टोपी घालून, छत्री काखेत घेऊन दारात उभे होते. मी दोनदा खुणावलं, निघा. निघेनात. घोटा झाला, नळी झाली, टोंगरा झाला. यांचे ओठ हलत होते. पान खाल्लेलं असावं. फासळ्यांशी आल्यावर तर छत्री खाली ठेवली आणि चौकटीला धरून उभे राहिले. मडकं भरलं, पोरं एकदम उडाली, पडवी हादरली, आणि गुणा ओरडली, "बाबूजी, तुमी बी खडे व्हा!"

"उभाच आहे गं," हे म्हणाले. आवाज बसलेला. थंडीचा असेल.

मग पायात चपला घातल्या आणि गेले. चांगला अर्धा तास उशीर. वरिष्ठ काय म्हणतील याची यांना काळजीच नाही. संध्याकाळी परत आले की बोलणार आहे मी.